कागदाची पाठ

माझ्या धंद्यात चित्राकडे कुणी बघत नाही, मापाकडे बघतात. रुंदी किती, उंची किती, कडा सरळ आहेत की चित्रकाराने कात्रीने कुरतडून ठेवल्या आहेत, कागद जाड की पातळ. चाळीस वर्षं मी फ्रेमा करतोय, आणि आजही कुणी विचारलं, अमक्याच्या त्या गाजलेल्या चित्रात काय होतं हो, तर मी सांगणार, अठरा बाय चोवीस. आमची ही म्हणते, तुमच्या दारात साक्षात देव उभा राहिला तरी आधी फूटपट्टी शोधाल. त्यात खोटं काही नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात चूक माझी आहे आणि ती मला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची नाही. माझ्या जिवलग मित्राची अर्धी कादंबरी मी माझ्या हाताने, खळ लावून, बुजवून टाकली.

मित्र म्हणजे बोका. पुढे चित्रकार म्हणून त्याचं नाव झालं, पेपरात फोटो यायला लागले, पण शाळेत घाऱ्या डोळ्यांवरून पडलेलं नाव काही सुटलं नाही. त्याची सगळी चित्रं माझ्या दुकानातून भिंतीवर गेली. दुसऱ्या कुणाकडून फ्रेम करून घेतली असती तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

शेवटची तीन वर्षं त्याने ब्रश धरला नाही. कुणी म्हणे आटला, कुणी म्हणे माजला. एक दिवस दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "कादंबरी लिहितोय."

मी हसलो. "पत्राला उत्तर द्यायला वर्ष लावणारा माणूस तू. कादंबरी कसली लिहितोस?"

"पुस्तक नाही करायचं. भिंतीवर लावायची. एक पान म्हणजे एक चित्र. बहात्तर पानं आहेत. ज्याला वाचायची असेल त्याने उभं राहून वाचावी, पाय दुखले तर दुखू देत."

"आणि न वाचता पुढे गेला तर?"

"चित्रांसमोरून तरी लोक काय करतात? पुढेच जातात." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही गोष्ट रंगात काढायचा खूप प्रयत्न केला रे. रंगात ती फार देखणी दिसते. शाईतच बरी."

कुठली गोष्ट, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे.

चौदा वर्षांपूर्वी बोका परगावी गेला होता, एका मोठ्या सभागृहाची अख्खी भिंत रंगवायला. चार महिन्यांचं काम. वहिनी तेव्हाच आजारी होत्या, तरी गेला. दर रविवारी तो घरी फोन करायचा. एका सोमवारी वहिनींचं एकदम बिघडलं आणि गुरुवारी पहाटे त्या गेल्या. घरात एकटी मुलगी, एकोणीस वर्षांची. आम्हा कुणाला काही पत्ता नाही, मला गुरुवारी दुपारी कळलं. बोका पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. तो दारात आला तेव्हा पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "चार दिवस फोन लावत होते. यांनी उचलला नाही."

बोक्याने ते ऐकलं, चप्पल काढली आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसला. पोरीने त्यानंतर त्याच्याशी बोलणंच टाकलं. महिन्याभराने घर सोडलं, दुसऱ्या शहरात नोकरी धरली. मीही त्याला सोडलं नाही. तोंडावर म्हटलं, "मोठा कलावंत झालास म्हणून काय झालं? निदान फोन तरी उचलायचास!"  त्यावर तो विचारतो काय, तर काच कधी बसवतोस. मला वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे. सहा महिने मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

तर कादंबरी लिहून झाली, आणि तो पुन्हा दुकानात आला. "फ्रेमा कशा करायच्या ते मी बसून नीट सांगतो. यात जरा गंमत आहे," म्हणाला. "पुढच्या आठवड्यात येतो."

पुढच्या आठवड्यात मी त्याला खांदा दिला. सकाळचा चहा गार झाला तरी उठला नाही, म्हणून कामवालीने शेजाऱ्यांना बोलावलं. पोरगी आली होती. कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

मग गॅलरीवाल्या बाई पानांचा खोका घेऊन दुकानात हजर. प्रदर्शनाची तारीख आधीच ठरली होती आणि तीन आठवडे उरले होते. "आता तर व्हायलाच हवं, त्यांचं शेवटचं काम," असं डोळे पुसत म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "शुक्रवारपर्यंत किती होतील?"

जाड, खरबरीत कागद. त्यावर बोक्याचं ते उभट अक्षर, निळी शाई, कोपऱ्यात बारीक आकडा. आता कान देऊन ऐका, कारण घोळ इथेच आहे. कागद फ्रेममध्ये बसवायचे दोन मार्ग. एक आळशी माणसाचा. वरच्या कडेला कागदाचे दोन तुकडे चिकटवायचे आणि पान पुठ्ठ्यावर नुसतं टांगायचं. पाच मिनिटांचं काम. पण हवा दमट झाली की पान फुगतं, लाटा येतात. बोक्याला त्या लाटांचा भयंकर राग. दुसरा मार्ग कष्टाचा. गव्हाची खळ शिजवायची, गाळायची, निवू द्यायची, पानाच्या पाठीवर सगळीकडून एकसारखी फिरवायची, पान पुठ्ठ्यावर बसवून वजनाखाली दोन दिवस दाबायचं. मग ते आरशासारखं सपाट राहतं, जन्मभर.

मी म्हटलं, मित्राचं शेवटचं काम आहे, अंगचोरपणा करायचा नाही. बहात्तर पानं मी दुसऱ्या मार्गाने बसवली. सतरा दिवस लागले. कंबर मोडली, पण एका पानावर सुरकुती दाखवा म्हणावं.

पाठीवर लिहिलेलं होतं. हो, दिसलं मला. प्रत्येक पानाच्या मागे तसंच उभट अक्षर, तीच निळी शाई. पण कागदाची पाठ ही काय चीज असते ते मला विचारा. चाळीस वर्षं मी चित्रकारांच्या पाठी बघतोय. तिथे वाण्याच्या याद्या असतात, फोन नंबर असतात, रंग तपासायचे फराटे असतात, कुणाकुणाला लिहून खोडलेली प्रेमपत्रं असतात. बोका तर पक्का चिक्कू, कच्चं सगळं पाठीवर करायचा आणि पक्कं पुढे. माझ्या गुरूने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पाठ वाचायची नाही, ती गिऱ्हाइकाची खाजगी असते. मी वाचली नाही. मला वाटलं, हा कच्चा खर्डा. आणि पुढची बाजू? तीही वाचली नाही. समास मोजला, सगळीकडे सव्वा इंच.

प्रदर्शन गाजलं. लोक पहिली सहा-सात पानं वाचत, मग मान तिरकी करून उरलेल्यांवरून नजर फिरवत आणि शेवटच्या पानाशी जाऊन उसासा टाकत. एका जाणकाराने पेपरात लिहिलं की या कादंबरीचा शेवट वाचकाला आरंभाकडे ढकलतो आणि अनुपस्थितीचं काहीतरी करतो. काय करतो ते मला कळलं नाही. फ्रेमांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, याचं मात्र वाईट वाटलं.

पोरगी आली चौथ्या दिवशी. दोन दिवस उभी राहून तिने बहात्तरच्या बहात्तर पानं वाचली. तसं करणारी ती एकटीच. मग दुपारी माझ्या दुकानात आली. तेहेतीस वर्षांची बाई, पण उंबऱ्यात तिचा चेहरा अगदी बोक्यासारखा दिसला.

"काका, पानांच्या मागे काय आहे?"

"पुठ्ठा," मी म्हणालो.

तिने वहीतून एक कागद काढला. शेवटचं पान तिने उतरवून घेतलं होतं. वाचून दाखवलं: "माझी बाजू इथे संपली. आता पहिल्या पानापाशी परत जा आणि पाठीकडून वाच. ती बाजू तिची आहे, मी फक्त लिहून दिली."

बोका सांगायला येणार होता ती गंमत ही होती, दोन्हीकडून काच. मी स्टूल ओढलं आणि बसलो.

"सगळ्यांना वाटलं, हे असंच, काव्यात्मक वगैरे आहे," ती म्हणाली. "पण बाबा असं उगीच लिहायचे नाहीत. मागे लिहिलेलं होतं ना?"

"होतं."

"मग?"

मी सांगितलं. खळ कशी शिजवली इथपासून. ती शांतपणे ऐकत होती, आणि तिने एकदा तरी ओरडावं असं मला वाटत होतं. शेवटी तिने विचारलं, "सुटेल का?"

पाण्यात भिजवलं की गव्हाची खळ सुटते. पण शाई? बोक्याच्या हातची एक जुनी चिठ्ठी माझ्या भिंतीवर टाचलेली होती, कुठल्याशा चित्राची मापं लिहिलेली. ती काढली, तिच्यावर बोटाने पाण्याचा थेंब ठेवला. आकडे पसरले, निळा डाग झाला आणि मग तोही फिकटला. पान सोडवायचं म्हणजे पुढची बाजू जाणार, आणि मागची तरी राहील याची खात्री नाही.

ती त्या डागाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "तुम्ही पुढची बाजू वाचलीत का, काका?"

"नाही," मी म्हणालो. लाज वाटली.

"सगळी त्या चार दिवसांवर आहे. सकाळी उठून भिंतीशी गेलो, अमका रंग लावला, तमका सुकला नाही. आणि मधे एका पानावर आहे: फोन वाजत होता. माझे हात रंगाने भरले होते. मी उचलला नाही." तिने वही मिटली. "काका, मी फोन लावलाच नव्हता."

मला आधी नीट कळलंच नाही.

"डॉक्टर सोमवारीच म्हणाले होते, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. आई विचारत होती, निघाले का? मी सांगत होते, हो, लावतेय, उचलत नाहीत. मला इतका राग आला होता त्यांचा! आई आजारी असताना गेले होते ना. म्हटलं, राहू देत तिकडेच. कळू दे त्यांना. मला वाटलं, आठवडाभर तरी आहे. आई गेली, मग ते दारात आले, आणि मी तेच बोलले जे आईला सांगत होते."

गुरुवारी शेजाऱ्यांनी त्याला फोन केला होता. पहिल्या घंटेला उचलला, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. चौदा वर्षांत मला एकदाही त्याचा अर्थ लागला नाही. उलट मी त्याला तोंडावर बोललो होतो. बोका ते ऐकून घेऊन काचेची चौकशी करत होता, आणि मी त्याला निर्लज्ज ठरवत होतो. मला माझीच शिसारी आली.

"त्यांना ठाऊक होतं का, मला एवढंच हवंय," ती म्हणाली. "की त्यांना खरंच वाटायचं, आपल्यालाच घंटा ऐकू आली नसेल? कामात असले की त्यांना काही ऐकू यायचं नाही. तसं असेल तर मी त्यांना चौदा वर्षं एका खोट्याखाली ठेवलं. आणि ठाऊक असेल, तर..." तिने वही दुसऱ्या हातात घेतली. "मागे तेच असणार. माझी बाजू. तुम्ही बहात्तर पानांवर ब्रश फिरवलात, काका. एखादं वाक्य तरी दिसलं असेल. एखादा शब्द."

मी डोळे मिटून बसलो. अक्षरं सगळी एकसारखी, निळ्या रांगा, त्यांवरून जाणारा माझा ब्रश. चार गोड वाक्यं रचून सांगावीत, असंही मनात आलं. तिला कळलं नसतं. पण मला वाक्यं रचता येत नाहीत, आणि बोक्याच्या नावावर तर नाहीच.

मग एक आठवलं. शब्द नव्हते ते.

"एका पानामागे चित्र होतं," मी म्हणालो. "एकच. पेन्सिलीचं, वीतभर, खाली चार ओळी. म्हणून लक्षात राहिलं. पेन्सिल ब्रशने फासली जाते, म्हणून मी तिथे हात हलका ठेवला होता. पुढच्या बाजूला त्या पानावर लिहिलेलं अर्धंच होतं, खाली कोरं."

"अर्धं पान एकच आहे. एकेचाळिसावं. फोनचं." तिचा आवाज बारीक झाला. "चित्रात काय होतं?"

"मुलगी होती. स्टुलावर बसलेली, पाठमोरी, जराशी वळलेली. शेजारी छोट्या टेबलावर फोन. आणि तिचे हात..." मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. म्हटलं होतं, बोक्याला हात काढायचा कंटाळा आलेला दिसतो. "हात दिसत नव्हते. मांड्यांखाली दाबून बसली होती."

पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. 

"मी तशीच बसले होते," ती म्हणाली. "चारही दिवस. हातांनी नंबर फिरवू नये म्हणून. कुणी पाहिलं नव्हतं, आई पण नाही. लहानपणी हट्टाला पेटले की मी असंच बसायचे, जेवायचं नाही म्हणून हात दाबून. बाबा हसायचे." मग म्हणाली, "उद्या ते पान आणते. सोडवा."

"पुढचं सगळं जाईल, पोरी. त्याने तुझ्यासाठी लिहिलेलं."

"जाऊ दे. खोटं आहे ते."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती फ्रेम काखेत मारून आली. गॅलरीवाल्या बाईंनी बराच आरडाओरडा केला म्हणे, प्रदर्शन चालू असताना मधलंच पान कसं नेता, कलाकृती अपुरी होईल. पोरीने त्यांना सांगितलं, ती अपुरीच आहे.

मी काच काढली. पुठ्ठा मागून एकेक थर करत सोलला, सुरीच्या टोकाने, दोन तास. शेवटचा पातळ थर पाण्याशिवाय सुटणार नव्हता. पत्र्याच्या उथळ ट्रेमध्ये कोमट पाणी घेतलं. "एकदा वाचून घे," मी म्हणालो. तिने मानेनेच नको म्हटलं. मी पान पाण्यात सोडलं.

आधी काहीच झालं नाही. मग ओळींच्या कडा मऊ झाल्या, शाई कागदावरून उठून पाण्यात तरंगायला लागली. फोन वाजत होता, ते गेलं. रंगाने भरलेले हात गेले. पंधरा मिनिटांत पुढची बाजू फिकट निळसर कोरी झाली, आणि मी इतकं मन लावून केलेलं काम माझ्याच बोटांखाली सैल पडलं. मी पान उलटं केलं, उरलेला पुठ्ठा बोटाने लोटला, खळ मऊ ब्रशने हळूहळू धुतली. मागच्या ओळीही पाण्याबरोबर निघून चालल्या होत्या. मी चष्मा लावून वाकलो होतो, एक शब्द लागावा म्हणून. एकही लागला नाही.

पेन्सिल मात्र राहते. तिला पाणी काही करत नाही.

कोऱ्या कागदाच्या मधोमध ती मुलगी बसली होती. वेणी अर्धी सुटलेली. खांदे वर ओढलेले. हात मांड्यांखाली. टेबलावर फोन, रिसीव्हर जागच्या जागी. मागे अर्ध्या उघड्या दारातून खाटेचा पाय दिसत होता. बोका तिथे नव्हता, तरी त्याने सगळं जागच्या जागी काढलं होतं. मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा एखादं चित्र इतका वेळ बघितलं. त्यात राग कुठेच नव्हता. एक दमलेलं पोर होतं, आणि ते काढणाऱ्याला त्याची दया आली होती.

पोरगी ट्रेवर वाकून बघत होती. "खाली चार ओळी होत्या ना?" तिने विचारलं.

"होत्या."

"तुम्ही पाहिल्या होत्या."

"पाहिल्या होत्या," मी म्हणालो. "वाचल्या नाहीत."

ती रडायला लागली. चौदा वर्षांपूर्वी रडली नव्हती, बापाच्या वेळी रडली नव्हती, ते सगळं आता आलं. ट्रेच्या कडेला धरून ती एवढंच म्हणत होती, "बोलावलं असतं तर आले असते हो, काका. मी नुसतं बोलावलं असतं तर बाबा आले असते."

"आला असता," मी म्हणालो. दुसरं काही म्हटलं असतं तर तिला कदाचित बरं वाटलं असतं, पण ते खरं नसतं.